उसावरचा लोकरी मावा नेमका कोणत्या कुळातला? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कर्नाटकातल्या चिकोडी, रायबाग, अथणी, हुक्केरी, निपाणी या पट्ट्यात गणपती उरकले आणि पाऊस ओसरला की उसाच्या पानाखाली पांढरं दिसायला लागतं आणि फोन सुरू होतात. "पांढरा मावा आलाय, काय मारू?" हा पहिला प्रश्न असतो. त्याआधीचा प्रश्न, म्हणजे हा मावा कोण, हा फारसा कुणी विचारत नाही. विचारतात ते बी.एस्सी.ची पोरं आणि काही जुने जाणते शेतकरी. त्या सगळ्यांचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. औषधांची नावं आणि मात्रा या पानावर मिळणार नाहीत. इथे फक्त माव्याची ओळख आणि त्याचं वर्गीकरण आहे. ओळख चुकली की पुढचं सगळं चुकतं असं माझं ठाम मत आहे, म्हणून हा खटाटोप.

लोकरी मावा म्हणजे नेमका कोणता कीटक?

आपल्या भागात उसावर जो येतो त्याचं शास्त्रीय नाव सेराटोवाकुना लॅनिजेरा. बिनपंखाची प्रौढ मादी साधारण दोन मिलिमीटरची असते. पानाच्या खालच्या बाजूला, मधल्या शिरेला धरून त्यांची दाट वस्ती बसते. पाठीवरच्या ग्रंथींतून मेणाचे पांढरे तंतू निघतात आणि पान खालून कापूस लावल्यासारखं दिसतं. रस शोषून उरलेलं गोड पाणी ते खालच्या पानांवर सोडतात. त्यावर काळी बुरशी चढते. वरचं पान खालून पांढरं आणि त्याच्या खालचं पान वरून काळं, असं दिसलं की शंका घ्यायला जागा आहे. खात्री मात्र भिंगानंच करायची.

त्याची पूर्ण वंशावळ सांगाल का?

वरून खाली येऊ. गण हेमिप्टेरा, म्हणजे सोंडेनं रस शोषणारे. त्यातला उपगण स्टर्नोऱ्हिंका. यात मावा, पांढरी माशी, सायला आणि खवले कीड व पिठ्या ढेकूण अशी चार मोठी घराणी येतात. माव्यांचं अतिकुल अ‍ॅफिडॉइडिया. त्यात आज जिवंत असलेली तीन कुलं धरतात: अ‍ॅडेल्जिडी, फायलोक्सेरिडी आणि अ‍ॅफिडिडी. पहिल्या दोन कुलांतल्या माद्या कायम अंडीच घालतात. अ‍ॅफिडिडीतल्या माद्या नराशिवाय थेट जिवंत पिल्लांना जन्म देतात. एकोणिसाव्या शतकात फ्रान्सचे द्राक्षमळे उद्ध्वस्त करणारी फायलोक्सेरा त्या अंडी घालणाऱ्यांतली.

आपला लोकरी मावा अ‍ॅफिडिडी कुलातला. त्यातलं उपकुल हॉर्मॅफिडिनी, त्याखालची जमात सेराटाफिडिनी, प्रजाती (जीनस) सेराटोवाकुना आणि जाती (स्पीशीज) लॅनिजेरा. उपकुलाच्या खालची आणि प्रजातीच्या वरची पायरी या अर्थानं मी इथे 'जमात' हा शब्द वापरतो आहे.

एवढ्या पायऱ्या कशाला? कुल आणि जाती पुरे नाही का?

माव्यांच्या सुमारे 5000 जाती नोंदलेल्या आहेत, त्यांतल्या बहुतेक सगळ्या एकट्या अ‍ॅफिडिडी कुलात. वीसहून अधिक उपकुलं पाडली नाहीत तर या गर्दीत कुणी कुणाला सापडणार नाही. त्यातही अर्ध्याहून जास्त जाती अ‍ॅफिडिनी या एकाच उपकुलात बसतात. कापूस, चवळी, कोबी, तंबाखू, ज्वारी, करडई, मका यांवरचे आपले रोजच्या ओळखीचे मावे त्यातलेच. लोकरी मावा त्यांच्यात मोडत नाही.

सर, सफरचंदावर पण लोकरी मावा असतो ना? तो आणि आपला एकच का?

नाही. इंटरनेटवर सगळ्यात जास्त गोंधळ याच प्रश्नाचा आहे. सफरचंदाच्या माव्याचं नाव एरिओसोमा लॅनिजेरम. नावाचा दुसरा भाग जवळपास सारखा, दोघांच्याही अंगावर पांढरी लोकर, त्यामुळे काश्मीर-हिमाचलच्या बागेतली माहिती आणि फोटो उसाच्या नावावर फिरत राहतात.

एरिओसोमा हा एरिओसोमॅटिनी या वेगळ्या उपकुलातला. त्या उपकुलाच्या तीन जमाती आहेत आणि प्रत्येकीचं मूळ झाड ठरलेलं आहे: एका जमातीचं एल्म, दुसरीचं पॉप्लर, तिसरीचं पिस्त्याच्या जवळची झाडं. हॉर्मॅफिडिनीच्याही तीनच जमाती, पण त्यांची मूळ झाडं पार निराळी. हॉर्मॅफिडिनी जमात हॅमामेलिसवर, निपोनाफिडिनी डिस्टिलियमवर आणि आपली सेराटाफिडिनी स्टायरॅक्सवर. (उपकुल आणि जमात यांच्या लॅटिन नावांचे शेवट उच्चाराला इतके जवळ आहेत की मराठीत ते सारखेच लिहिले जातात. वरही मी जमातीचं नाव 'सेराटाफिडिनी' असंच लिहिलं आणि पुढेही तसंच लिहीन. सोबत उपकुल की जमात हे सांगितलं की पुरे.)

मूळ झाड म्हणजे ज्यावर या माव्यांची नर-मादीची पिढी निपजते आणि गाठी तयार होतात ते. ऊस हे सेराटोवाकुनाचं दुय्यम झाड आहे, म्हणजे जिथे नराशिवाय माद्यांच्याच पिढ्या वाढतात ते. एवढा सगळा जीवनक्रम वेगळा असताना नुसत्या पांढऱ्या रंगावरून दोघांना एकात बसवणं बरोबर नाही.

आणि लोकर ही काही या दोघांचीच मिरास नाही. कोबीवरचा ब्रेव्हिकोरिनी ब्रासिकी राखाडी-पांढऱ्या मेणाच्या भुकटीनं माखलेला असतो आणि तो तर तिसऱ्याच, अ‍ॅफिडिनी उपकुलातला.

मग भिंगातून पाहायचं काय?

दहा पट मोठं दाखवणारं साधं भिंग घ्या. पान उलटं करून एक मावा ओल्या, मऊ ब्रशनं उचला. चिमटीत धरू नका, तो फुटतो. ब्रशनंच हळूच मेण बाजूला करा. मेणाखालचं अंग हिरवट-पिवळट ते तपकिरी दिसेल.

आता मागच्या बाजूला पाहा. कापसावरच्या किंवा चवळीवरच्या माव्याच्या पाठीच्या टोकाकडे दोन उभ्या नळ्या स्पष्ट दिसतात. लोकरी माव्याला तशा नळ्या नसतात. असलीच तर पाठीलगत दोन वाटोळी भोकं असतात, ती साध्या भिंगात दिसतीलच असं नाही. नळ्या दिसल्या तर तो अ‍ॅफिडिनीकडचा असण्याची शक्यता फार मोठी.

नळ्या दिसल्या नाहीत, आता पुढे कपाळ. सेराटोवाकुनाच्या कपाळावर दोन छोटी टोकदार शिंगं असतात. सेराटाफिडिनी जमातीची ही ठळक खूण. सफरचंदाच्या माव्याला ती नाहीत. पिल्लांत आणि बिनपंखी माद्यांत ती पाहायची, पंखवाल्यांत शोधत बसू नका.

पुढचं काम महाविद्यालयातल्या सूक्ष्मदर्शकाचं. बिनपंखी मादीचा डोळा तीनच भिंगांचा असतो. अ‍ॅफिडिनीत पूर्ण संयुक्त डोळा असतो. तीन भिंगांचा डोळा सफरचंदाच्या माव्यालाही आहे, म्हणून एवढ्यावर थांबता येत नाही. मग शेपटीचं टोक पाहायचं. हॉर्मॅफिडिनीत ते मुळाशी आवळलेलं, गोंड्यासारखं असतं आणि त्याखालची गुदपट्टी दोन फाळ्यांत विभागलेली असते. एरिओसोमॅटिनीत शेपूट रुंद, अर्धगोल आणि गुदपट्टी अखंड. ही एक खूण नीट पाहता आली की दोन्ही उपकुलं वेगळी झाली. प्रात्यक्षिकाच्या वहीत पोरं अख्खा मावा काढतात आणि शेपूट मात्र एका रेघेत उरकतात. मी त्यांना शेपूट पानभर काढायला सांगतो.

पंखवाला मिळाला तर शृंगिकाही, म्हणजे डोक्यावरच्या मिशाही, पाहा. लोकरी माव्यांत वासाची ग्रहणेंद्रियं कड्यांसारखी शृंगिकेभोवती फिरलेली असतात. अ‍ॅफिडिनीत ती गोल ठिपक्यांसारखी.

कपाळावर शिंगं कशासाठी?

हल्ल्यासाठी. सेराटोवाकुनाची लहान पिल्लं शत्रूच्या अंगावर चालून जातात आणि शिंगांनी टोचतात. वस्तीत एखाद्यावर हल्ला झाला की तो इशाऱ्याचं रसायन सोडतो. ते हुंगून काही जण पळतात आणि काही उलट चाल करून येतात. मुंग्या-मधमाश्यांसारखी राखणदारी करणारे मावे असतात हे जगाला कळलं ते जपानी कीटकशास्त्रज्ञ शिगेयुकी आओकी यांच्या 1977 च्या कामामुळे. त्यांनी पाहिलेला कोलोफिना हा मावा एरिओसोमॅटिनीतला होता. नंतर हॉर्मॅफिडिनीतही असे सैनिक सापडले. दोन्ही उपकुलांत ही सवय वेगवेगळी उपजली असं आज मानलं जातं. म्हणजे लोकरीसारखंच सैनिक असण्यावरूनही नातं ठरवता येत नाही.

उसावर दुसरा पण मावा असतो म्हणतात. तो कोणता?

मेलानाफिस सॅकॅरी. हा पिवळट ते करड्या रंगाचा, अंगावर लोकर नसलेला, मागे दोन आखूड गडद नळ्या असलेला. हाही पानाच्या खालीच बसतो. अ‍ॅफिडिनी उपकुल, अ‍ॅफिडिनी जमात.

मला ही जोडी फार आवडते, कारण वर्गीकरण शिकवायला याहून चांगलं उदाहरण आपल्या शिवारात नाही. दोन्ही मावे जावा बेटावरच्या उसावरून एकाच माणसानं, लिओ झेंटनर या स्विस कीटकशास्त्रज्ञानं, एकाच वर्षी, 1897 मध्ये, शास्त्राला ओळख करून दिले. पीक एक, पान एक, शास्त्रज्ञ एक, वर्षही एक. तरी दोघांची उपकुलं भिन्न. एकत्र राहतात म्हणून त्यांचं नातं जवळचं ठरत नाही.

शेतावरही फरक पडतो. मेलानाफिस सॅकॅरी उसाच्या पिवळ्या पानाच्या रोगाचा विषाणू पसरवतो. त्याची वस्ती विरळ असली तरी त्याच्याकडे दुर्लक्ष करून चालत नाही.

एका नावापुढे झेंटनर कंसात आणि दुसऱ्यापुढे कंसाशिवाय असं का छापतात?

झेंटनरनं लोकरी माव्याला नाव दिलं तेव्हा त्याला सेराटोवाकुना प्रजातीतच ठेवलं होतं. आजही तो तिथेच आहे, म्हणून कंस नाही. दुसऱ्याला त्यानं अ‍ॅफिस सॅकॅरी म्हटलं होतं. पुढे तो मेलानाफिस प्रजातीत हलवला गेला. जाती मूळ प्रजातीतून हलली की नाव देणाऱ्याचं नाव कंसात जातं. परीक्षेत हा प्रश्न येतो.

आमच्याकडच्या जुन्या पुस्तकात लोकरी माव्याला 'ओरेग्मा' म्हटलंय. ते चूक का?

चूक नाही, जुनं आहे. मधल्या काळात या माव्याला ओरेग्मा प्रजातीत धरत. नंतर त्या गटाची फेरमांडणी झाली आणि तो परत सेराटोवाकुनात आला. करडईवरच्या काळ्या माव्याचंही तसंच. जुन्या पुस्तकांत डॅक्टिनोटस कार्थामी, नव्यात युरोल्युकॉन कंपोझिटी. जुनं पुस्तक टाकून देऊ नका. त्यातली निरीक्षणं बहुतेकदा खरीच असतात, फक्त नाव आजच्या यादीशी जुळवून घ्या.

हा मावा आपल्याकडे आला कुठून?

भारतात तो पश्चिम बंगाल आणि ईशान्येकडे आधीपासून माहीत होता. दख्खनच्या उसाला त्याची ओळख झाली 2002 मध्ये. त्या पावसाळ्यात सांगली जिल्ह्यात तो मोठ्या प्रमाणावर दिसला आणि कृष्णाकाठानं बेळगाव, बागलकोटकडे पसरला. पुढच्या काही वर्षांत आंध्र, तामिळनाडूपर्यंत पोहोचला. पंखवाल्या माद्या वाऱ्यावर जातात. त्याहून सोपी वाट म्हणजे वाढे, उसाचे हिरवे शेंडे. मावा लागलेल्या फडातलं वाढं जनावरांसाठी बैलगाडीतून, ट्रॅक्टरातून दुसऱ्या गावाला गेलं की मावाही जातो. राज्याची हद्द त्याला ठाऊक नाही. चंदगड-गडहिंग्लजचा फड आणि हुक्केरीचा फड त्याच्या लेखी एकच.

पांढरं दिसलं की मावाच समजायचा का?

नाही, उसावर पांढरं दिसणारे आणखी तिघे आहेत आणि तिघेही मावे नाहीत.

पाकोळी, म्हणजे पायरिला. तिच्या पिल्लांना मागे दोन लांब पांढरे पिसांसारखे झुबके असतात आणि हात लावला की ती टुणकन उडी मारतात. मावा उडी मारत नाही. पाकोळीची अंडीही पांढऱ्या लवीखाली झाकलेली असतात आणि लोक ती लोकरी मावा समजून फोटो पाठवतात.

पिठ्या ढेकूण. उसावरचा गुलाबी असतो, पांढऱ्या पिठानं माखलेला आणि पाचटाच्या आत, कांड्याच्या पेरापाशी दडलेला. पानाच्या पात्यावर सहसा नाही.

पांढरी माशी. उसावरच्या माशीची पिल्लं पानाला चिकटलेल्या काळ्या टिकल्यांसारखी दिसतात, कडेला पांढरी झालर. जागची हलत नाहीत.

इथे एक गंमतशीर पण उपयोगी गोष्ट. सेराटाफिडिनी जमातीतच सेराटाफिस नावाची प्रजाती आहे. तिच्या बिनपंखी माद्या हुबेहूब पांढऱ्या माशीच्या पिल्लासारख्या: गोल, काळी चकती आणि कडेला मेणाची झालर. ती नारळासारख्या ताडवर्गीय झाडांवर आणि ऑर्किडवर येते. कारवारकडच्या वाचकांनी हे ध्यानात ठेवावं. चकती भिंगाखाली उलटी करून पाहिली की कपाळावरची शिंगं सापडतात.

खानापूरच्या रानात बांबूवर असाच पांढरा मावा दिसला. तोच उसावर येणार का?

बांबू हे सेराटाफिडिनीचं लाडकं दुय्यम झाड. स्युडोरेग्मा आणि अ‍ॅस्टेगोप्टेरिक्स या प्रजाती बांबूवर मोठ्या वस्त्या करतात. जमात तीच, म्हणून रूप तसंच. पण प्रजाती वेगळी, आवडीचं झाड वेगळं. बांबूवर पांढरं दिसलं म्हणून शेजारच्या उसावर फवारा सोडायची गरज नाही. शंका असेल तर दोन्हीकडचे नमुने वेगवेगळ्या बाटल्यांत घेऊन तपासून घ्या.

यात नर कुठे असतो? आम्हाला तर सगळ्या माद्याच दिसतात.

उसावर तुम्हाला माद्याच दिसणार. मादी नराशिवाय पिल्लं देते आणि त्या पिल्लाच्या पोटात पुढच्या पिढीचा गर्भ आधीच वाढू लागलेला असतो. म्हणून वस्ती आठवड्याभरात इतकी फुगते. पूर्व आशियात या जमातीचे मावे स्टायरॅक्सच्या झाडावर परतून नर-मादीची पिढी काढतात. आपल्या फडात तो टप्पा गळून गेला आहे आणि खोडव्यातून लागणीकडे, लागणीतून खोडव्याकडे माद्यांच्याच पिढ्या चालू राहतात.

वर्गीकरण करणाऱ्याला याचा मोठा त्रास होतो. एकाच जातीची चार-पाच रूपं असतात: पंखाची, बिनपंखाची, मूळ झाडावरची, दुय्यम झाडावरची. पूर्वी एकाच माव्याला झाडागणिक निराळी नावं मिळाली ती यामुळेच.

निपाणीच्या तंबाखूवरचा मावा यात बसतो का?

लोकरी गटात नाही, पण त्याची कहाणी सांगण्यासारखी आहे. तंबाखूवरचा मावा मायझस पर्सिकी या जातीचा. 1776 मध्ये सुल्झरनं नाव दिलेला, शेकडो वनस्पतींवर जगणारा. तंबाखूवरचे मावे अंगानं जरा निराळे दिसतात, बऱ्याचदा लालसर असतात. त्यावरून 1987 मध्ये ब्लॅकमन यांनी त्यांना मायझस निकोशियानी ही स्वतंत्र जाती ठरवलं. पुढे जनुकीय तपासण्या झाल्या तेव्हा दोघांतलं अंतर स्वतंत्र जाती म्हणण्याइतकं भरलं नाही. आता त्याला मायझस पर्सिकीची उपजाती धरतात. निपाणीला बिडी तंबाखूवर काम करणारं कृषी संशोधन केंद्र आहे. तिथल्या जुन्या आणि नव्या कागदांत दोन नावं दिसली तर कारण हे.

अथणीकडच्या शाळूवर चिकटा पडतो तो कुणामुळे?

बहुधा मेलानाफिसमुळे, म्हणजे वर सांगितलेल्या उसाच्या बिनलोकरी माव्याच्या घरातला. पोग्यात निळसर-हिरवा मावा असेल तर तो ऱ्होपालोसिफम मेडिस, मक्याचाही तोच. मेलानाफिसबद्दल 2021 मध्ये एक महत्त्वाचा बदल झाला: उसावरचा मेलानाफिस सॅकॅरी आणि ज्वारीकडे ओढा असलेला मेलानाफिस सॉर्घी हे दोन वेगळे आहेत हे मापं आणि डीएनए दोन्हींवरून दाखवलं गेलं. अमेरिकेत 2013 पासून ज्वारीवर जो धुमाकूळ झाला तो या दुसऱ्याचा. आपल्याकडच्या लेखांत अजून सरसकट सॅकॅरीच छापलं जातं.

केळी आणि अळू दोन्हीवरचा तपकिरी मावा एकच का?

दिसतो एकच, पण केळीवरचा पेंटालोनिया निग्रोनर्व्होसा, जो केळीचा बंची टॉप रोग पसरवतो. अळू-वेलचीकडचा पेंटालोनिया कॅलाडिआय. हे दोघे बराच काळ एकाच नावाखाली होते.

डीएनए आल्यावर लोकरी माव्यांचं वर्गीकरण उलटंपालटं झालं का?

उलटंपालटं नाही, पण काही खांब हलले. पूर्वी काही शास्त्रज्ञ हॉर्मॅफिडिडी, पेंफिजिडी अशी स्वतंत्र कुलं मानत. आज बहुतेक जण त्यांना अ‍ॅफिडिडीची उपकुलं धरतात. तुमच्या हातातल्या दोन पुस्तकांत दोन पातळ्या दिसल्या तर गोंधळू नका, गट तोच आहे, पायरी बदलली आहे. हॉर्मॅफिडिनी हा एकसंध गट म्हणून टिकला. एरिओसोमॅटिनी मात्र खरंच एका पूर्वजाची लेकरं आहेत का यावर वाद आहे. काही अभ्यासांत ही दोन्ही उपकुलं एकमेकांच्या जवळच्या फांद्यांवर बसतात. तसं असेल तर उसाचा लोकरी मावा त्याच पानावरच्या मेलानाफिसपेक्षा सफरचंदाच्या माव्याला जास्त जवळचा ठरेल. तरी दोघे एक होत नाहीत.

नातं शोधायला पोटातले सोबतीही कामी आले. बहुतेक माव्यांच्या पेशींत बुखनेरा नावाचे जिवाणू असतात. नुसत्या रसातून न मिळणारी अमिनो आम्लं ते पुरवतात. सेराटाफिडिनी जमातीतल्या काही प्रजातींनी हा जिवाणू गमावला आणि त्याच्या जागी यीस्टसारखी बुरशी आली. एकाच जमातीत दोन प्रकारचे भाडेकरू, त्यावरून जमातीच्या आतल्या फांद्याही लावता आल्या.

हे सगळं कळून माझ्या फडाचा काय फायदा?

फायदा सरळ आहे. नाव बरोबर असलं की त्याचा शत्रू सापडतो. सफरचंदाच्या माव्यावर अफेलिनस माली ही बारीक गांधीलमाशी जगभर नेली गेली, भारतातही आणली. ती उसाच्या फडात सोडून उपयोग नाही. उसाच्या लोकरी माव्याचे शत्रू त्याच्याच मुलखातले: डिफा अफिडिव्होरा नावाच्या पतंगाची मावाखाऊ अळी, मायक्रोमस इगोरोटस ही तपकिरी जाळीपंखी आणि एनकार्शिया फ्लाव्होस्क्युटेलम ही परजीवी गांधीलमाशी. एनकार्शिया आसामकडून दक्षिणेत आणली गेली. मायक्रोमस वाढवून फडात सोडण्यावर धारवाड कृषी विद्यापीठानं काम केलं.

2002 नंतरच्या पहिल्या दोन हंगामांत अनेकांनी उंच उसात घुसून फवारण्या केल्या. खर्च अफाट आणि पान खालून भिजत नाही. शेवटी मावा आटोक्यात आला त्यात डिफा आणि मायक्रोमसचा वाटा मोठा. म्हणून कळकळीनं सांगतो, पांढरं पान दिसलं की आधी ते उलटून निरखा. मेणावर रेशमी जाळं पसरलेलं दिसतंय का? त्या जाळ्याखाली डिफाची अळी मावे खात असते. पुढे चिमट्यासारखे वाकडे जबडे असलेली, सरसर चालणारी तपकिरी अळी मायक्रोमसची. लोक या अळ्यांनाच कीड समजून मारतात. त्या दिसल्या तर सरसकट मारणारं औषध फडात नेऊ नका. ती पानं तोडून शेजारच्या माव्याच्या पानांना बांधली तरी शत्रू तिकडे सरकतात.

रयत संपर्क केंद्रातलं पत्रक कन्नडमध्ये असतं. त्यात हा मावा कसा ओळखू?

कन्नडमध्ये माव्याला 'हेनु' म्हणतात. पत्रकात पिकाचं नाव आणि हेनु शोधा, आणि जवळ छापलेलं शास्त्रीय नाव ताडून पाहा. ते धारवाडच्या पत्रकात आणि पुण्या-कोल्हापूरच्या पत्रकात एकच असतं. दुकानदारालाही तेच दाखवा.

नमुना तपासायला पाठवायचा तर कसा?

जवळचं ठिकाण म्हणजे संकेश्वरचं कृषी संशोधन केंद्र किंवा धारवाड कृषी विद्यापीठाचा कीटकशास्त्र विभाग. बेंगळुरूला राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरो आहे, तिथे कीटकांची ओळख पटवून देतात. आधी फोन करून विचारा, मगच पाठवा.

घट्ट झाकणाची छोटी काचेची बाटली घ्या. ओल्या ब्रशनं वीस-पंचवीस मावे उचलून 70 टक्के अल्कोहोलमध्ये टाका. डीएनए तपासायचा असेल तर 95 टक्क्यांच्या वरचं अल्कोहोल लागतं. बिनपंखी प्रौढ, पिल्लं आणि मिळाले तर पंखवाले, तिन्ही असू द्या. नुसत्या पिल्लांवरून जाती ठरवणं कठीण. पिशवीत कोंबलेलं वाळकं पान पाठवू नका, त्यातले मावे चिरडतात आणि मेणाखेरीज हाती काही लागत नाही. अळ्या दिसल्या असतील तर त्या दुसऱ्या बाटलीत.

शिसपेन्सिलीनं कागदाच्या चिठ्ठीवर लिहा आणि ती बाटलीच्या आत टाका, पेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. चिठ्ठीवर गाव आणि तालुका, तारीख, उसाची जात, लागण की खोडवा, आणि मावा पानाच्या कोणत्या बाजूला होता हे हवं. शेजारच्या बांधावर बांबू, ज्वारी किंवा मका असेल तर तेही लिहा.